रोखीने घेतलेल्या इमारतीवर नंतर कर्ज : भिलाईतील हिशेब

भिलाई पोलाद कारखान्यातून साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती भविष्य निर्वाह निधी व उपदानाची मोठी रक्कम एकाच वेळी येते. या पैशातून तीन-चार सदनिकांची छोटी इमारत कर्ज न काढता घ्यावी, डागडुजी करून भाड्याने द्यावी आणि नंतर तीच तारण ठेवून मिळालेल्या कर्जातून दुसरी मालमत्ता घ्यावी, असा विचार अनेकांना सुचतो. अमेरिकेतील गुंतवणूकदारांत रूढ असलेला हा मार्ग भारतातही कायदेशीर आहे. मात्र त्याचा हिशेब येथे वेगळा पडतो.

रोखीने खरेदी म्हणजे कर्जाविना खरेदी, नोटांनी नव्हे. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या विक्रीपोटी वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम नोटांच्या स्वरूपात स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई असून, स्वीकारणाऱ्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तरीही किमतीचा काही भाग कागदावर न आणण्याची सवय सुटलेली नाही. यात खरेदीदाराचेही नुकसान आहे. ऐंशी लाखांच्या व्यवहारात खरेदीखत साठ लाखांचेच झाले, तर वरचे वीस लाख कर्जरूपाने परत मिळवणे अवघड होते. कारण खरेदी नुकतीच झालेली असल्यास बँका मूल्यांकनाबरोबर खरेदीखतातील रक्कमही पाहतात.

मालमत्ता तारण कर्ज मूल्याच्या साधारण पन्नास ते सत्तर टक्क्यांपर्यंत मिळते आणि त्याचा व्याजदर गृहकर्जापेक्षा बहुधा अधिक असतो. उदाहरणादाखल, साठ लाखांवर साठ टक्के धरल्यास छत्तीस लाख रुपये मिळतील. बहुतेक बँका सत्तरीपर्यंत कर्ज फिटावे असे पाहत असल्याने निवृत्तास दहाच वर्षे उरतात. दहा टक्के व्याजाने मासिक हप्ता सुमारे ४७,६०० रुपये होतो. चार सदनिकांचे प्रत्येकी नऊ हजार धरले, तरी भाडे छत्तीस हजारच. म्हणजे दरमहा अकरा-बारा हजार रुपये खिशातून घालावे लागतील. वर्षातील दोन महिने सदनिका रिकाम्या राहतील असे गृहीत धरल्यास हे भाडे जेमतेम बावीस-तेवीस लाखांच्या कर्जाचा भार पेलते. बँक किती देते, यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

करातही एक मेख आहे. व्याजाची वजावट तारण कोणते यावर नव्हे, तर पैसा कशासाठी वापरला यावर ठरते. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या इमारतीवर नंतर काढलेले कर्ज मुलीच्या लग्नात खर्च झाले, तर त्या इमारतीच्या भाड्यातून व्याज वजा करता येत नाही. त्यातून दुसरे घर घेतल्यास वजावट त्या घरापोटी मिळू शकते.

भिलाईत कागदपत्रांचा प्रश्न विशेष नाजूक आहे. सेक्टरांतील घरे कारखान्याच्या जमिनीवर असून त्यांपैकी काही दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहेत. अशा घरांवर पूर्ण मालकी नसते आणि गहाण ठेवण्यापूर्वी पट्टा देणाऱ्याची संमती लागू शकते. नेहरूनगर, स्मृतीनगर, वैशालीनगर अशा सेक्टरांबाहेरील भागांतही जमीन मालकी हक्काची की पट्ट्याची, आणि वरचा मजला मंजूर नकाशात आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे लागते. विनापरवाना मजल्याचे भाडे येत असले, तरी मूल्यांकनात तो बहुधा धरला जात नाही.

हप्ते नव्वद दिवसांहून अधिक थकल्यास खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या कायद्यानुसार बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, तारणाचा ताबा घेऊ शकते. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर कुटुंब राहत असेल, तर तोही भाग यात येतो.

कर्ज फिटेपर्यंत मूळ खरेदीखत बँकेकडे राहते. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत ते परत न केल्यास आणि विलंबास बँक जबाबदार असल्यास, कर्जदारास दररोज पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते.