श्वासयंत्र आणि रात्रीचा खोकला

निद्रेंत घसा मिटून श्वास अडण्याच्या व्याधीवर सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेला उपाय, म्हणजे सीपॅप यंत्र, आतां आपल्याही घरांतून दिसूं लागला आहे. मीही तें लावितों. गेल्या पौषांत मात्र कोरड्या खोकल्यानें इतका बेजार झालों कीं, चार रात्री यंत्र दूर ठेविलें. घोरणें परतलें, आणि दुपारीं पोथी वाचतां वाचतां मान पडूं लागली.

दोष यंत्राचा नव्हे, माझ्या आळसाचा. आर्द्रतेच्या पाण्याची टांकी बहुधा रिकामीच असे. सतत येणारा कोरडा वारा घसा खरवडतो. झोपेंत तोंड उघडें राहिलें तर अधिकच. आतां रोज रात्रीं ऊर्ध्वपातित पाणीच भरितों. (नळाचें पाणी उकळलें तरी त्यांतील क्षार टांकींतच बसतात.) सकाळीं उरलेलें ओतून टांकी सौम्य साबणानें धुतों व वाळवितों, शिळ्या पाण्यांत जंतु वाढतात. पाण्यांत निलगिरीचें तेल टाकण्याची शेजाऱ्यांची सूचना मीं मानली नाहीं. तें वाफेबरोबर थेट फुप्फुसांत जावयाचें!

नळींत पाणी साचून गुडगुड होऊं लागली, तर आर्द्रता एक पायरी उतरवावी व यंत्र उशीहून खालीं ठेवावें. ताप किंवा पिवळा कफ असेल, तर टांकीशीं झटत न बसतां डॉक्टरांकडे जावें.