गिअरचा दात का तुटतो?

निस्सान जीटी-आर ही २००७ साली विक्रीस आलेली जपानी स्पोर्ट्स कार. इंजिनाचा दांडा पिळणारे परिबल, म्हणजे टॉर्क, त्या पहिल्या गाड्यांत ५८८ न्यूटन-मीटर होता. हौशी मंडळी टर्बोचा दाब वाढवून तो १००० च्या वर नेतात. इंजिन तसे मजबूत करून घेतात. मार बसतो तो गिअरबॉक्सला.

हिशोब करून पहा. समजा, दंतचक्राची त्रिज्या ४ सेंटिमीटर आहे. ५८८ ला ०.०४ ने भागले की येते १४,७०० न्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतके बल. टॉर्क १००० झाला की अडीच टन! आणि तेही एका वेळी एकमेकांत अडकलेल्या मोजक्या दातांवर. पोलादाचा दात बहुधा पहिल्याच तडाख्यात तुटत नाही. त्याच्या मुळाशी बारीक भेग पडते आणि दर फेरीला ती थोडी थोडी वाढते.

आता गंमत अशी, की गाडी सुटताना टायर घसरला तर दात वाचतो! घसरणारा टायर घरातल्या फ्यूजसारखा असतो. पकडीपलीकडचा भार तो गिअरवर येऊ देत नाही. (घसरून एकदम पुन्हा पकडला, तर मात्र दणका जबर.) शर्यतीचे रुंद, चिकट टायर चढवले की हा फ्यूजच गेला. त्यातून जीटी-आर चारही चाकांनी रेटते.

जागेवरून झेप घेताना वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचे जडत्वही दातांवर आदळते. म्हणूनच निस्सानने पुढे या झेपेच्या स्वयंचलित योजनेत इंजिनाच्या फेऱ्या कमी केल्या. जाणता मेकॅनिकही आधी क्लच आणि गिअर बदलतो, मग टर्बोला हात लावतो.