भिंत कोणीं मागितली?

गेल्या सत्रांत नागरिकशास्त्राच्या तासास एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, राज्य धर्मापासून वेगळें असावें असें म्हणणारे लोक धर्माचे वैरीच असतील ना?" प्रश्न सरळ मनाचा होता. वर्गांतील बहुतेकांचें मत तेंच दिसलें, आणि आमच्या मंडळींतील कांहीं वडीलधाऱ्यांचेंही तेंच आहे, हें मला ठाऊक आहे. घंटा झाल्यामुळें उत्तर अपुरें राहिलें. तें येथें पुरें करितों.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत राज्यसत्ता व ख्रिस्ती मंडळी यांच्यामध्यें भिंत असावी, असा आग्रह ज्यांनीं धरिला त्यांत शुभवर्तमानाचे निष्ठावंत उपदेशक आघाडीस होते. यांस इंग्रजींत इव्हँजेलिकल म्हणतात. पवित्र शास्त्र हेंच प्रमाण, आणि प्रत्येकानें स्वतः पश्चात्ताप करून प्रभूकडे वळलें पाहिजे, हीं त्यांचीं मुख्य तत्त्वें. त्यांच्यांतील बाप्टिस्ट लोक तान्ह्या बालकास बाप्तिस्मा देत नाहींत. समजत्या माणसानें आपण होऊन विश्वास धरावा असें ते मानितात. ज्यांचा विश्वास असा आपखुशीचा, त्यांस सरकारी शिपायाच्या हातून आलेला धर्म कसा रुचावा?

व्हर्जिनिया प्रांत इंग्रजांच्या अंमलाखालीं असतां तेथें इंग्लंडची मंडळी राजमान्य होती. तिच्या पाळकांचें वेतन सर्वांवर बसविलेल्या करांतून निघे. मग कर देणारा त्या मंडळीचा असो वा नसो. परवान्यावांचून उपदेश करणाऱ्या बाप्टिस्टांवर शांतताभंगाचा आरोप येई. १७६८ सालीं जॉन वॉलर व त्याचे सोबती फ्रेडरिक्सबर्गच्या तुरुंगांत कित्येक आठवडे होते. कल्पेपर येथें जेम्स आयर्लंड हा कोठडीच्या गजांआडून बाहेर जमलेल्या लोकांस उपदेश करी. शेजारच्या परगण्यांतील अशा कैद्यांविषयीं तरुण जेम्स मॅडिसन यानें १७७४ मध्यें आपल्या मित्रास मोठ्या संतापानें लिहिलें. उत्तरेस कनेक्टिकटमध्यें तर १७५२ सालीं एलिझाबेथ बॅकस या विधवा बाईस मंडळीचा कर न दिल्याबद्दल तुरुंगांत नेलें. तेथील राजमान्य मंडळी म्हणजे इंग्लंडांत छळ सोसून समुद्रापार आलेल्या प्युरिटनांच्या वंशजांची! हें वाचतांना ख्रिस्ती माणसानें मान खालींच घालावी.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर, १७८४ सालीं, पॅट्रिक हेन्री यानें व्हर्जिनियाच्या विधिमंडळांत एक मोठें मोहक बिल आणिलें. कर सर्वांनीं द्यावा. मात्र तो आपल्या पसंतीच्या ख्रिस्ती पंथाच्या उपदेशकांस जावा. म्हणजे बाप्टिस्टांचा पैसा बाप्टिस्टांसच मिळणार. काल ज्यांस तुरुंग मिळाला, त्यांस आज सरकारी वेतन! गरीब उपदेशकांस हा मोह केवढा असेल, हें मिशनच्या तुटपुंज्या वेतनावर वाढलेल्या माझ्यासारख्यास चांगलें कळतें. तरी बाप्टिस्टांनीं नकार दिला. १७८५ मध्यें मॅडिसननें बिलाविरुद्ध आपलें प्रसिद्ध निवेदन लिहिलें, बाप्टिस्टांनीं व इतरांनीं अर्जांवर सह्या केल्या, आणि बिल बारगळलें. जानेवारी १७८६ मध्यें जेफर्सननें रचिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला.

१७९१ सालीं हेंच तत्त्व राष्ट्राच्या घटनेंत पहिल्या दुरुस्तीनें आलें. पण ती दुरुस्ती केवळ मध्यवर्ती सत्तेस बांधी. म्हणून कनेक्टिकटांतील डॅनबरीच्या बाप्टिस्टांनीं १८०१ मध्यें अध्यक्ष जेफर्सनकडे आपलें गाऱ्हाणें नेलें. १ जानेवारी १८०२ रोजीं त्यानें उत्तर धाडिलें. "भिंत" हा शब्द अमेरिकन लोकांच्या तोंडीं बसला तो याच पत्रामुळें. गंमत अशी कीं, त्याच दिवशीं जॉन लेलंड हा बाप्टिस्ट उपदेशक मॅसाच्युसेट्समधील चेशर गांवच्या शेतकऱ्यांची भेट म्हणून १,२३५ पौंडांचें एक प्रचंड चीज घेऊन अध्यक्षांच्या दारीं आला होता. दोनच दिवसांनीं, रविवारीं, प्रतिनिधिगृहांत लेलंडनें उपदेश केला व जेफर्सन तो ऐकावयास गेला. जेफर्सन येशूच्या चमत्कारांवर विश्वास ठेवीत नसे, आणि लेलंडची सारी श्रद्धा पवित्र शास्त्रावर. एकास मंडळीपासून राज्याचें भय, दुसऱ्यास राज्यापासून मंडळीचें. कनेक्टिकटांतील राजमान्यता १८१८ सालीं गेली, मॅसाच्युसेट्समधील १८३३ सालीं.

पुढील पिढ्यांस या कैद्यांचा विसर पडला, असें मला वाटतें. १९६२ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें सरकारी शाळांत अधिकाऱ्यांनीं रचलेली प्रार्थना घटनाविरुद्ध ठरविली, तेव्हां अनेक इव्हँजेलिकलांस तो धर्मावरील घाला वाटला. त्याच व्हर्जिनियांतील बाप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यानें १९६५ सालीं उपदेशकांनीं राजकारणापासून दूर राहावें असें प्रवचन केलें, आणि १९७९ सालीं स्वतःच 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभारिली. अर्थात् सर्वच बाप्टिस्ट त्या वाटेनें गेले नाहींत. त्यांचीच एक संयुक्त समिती वॉशिंग्टनमध्यें आजही भिंतीच्या बाजूनें झटते.

आपल्या देशांतील व्यवस्था निराळी आहे. येथें सरकार शाळांस, आमच्यासारख्या मिशनच्या शाळांसही, अनुदान देतें. मात्र घटनेच्या २८व्या कलमाप्रमाणें अशा शाळेंत अल्पवयीन विद्यार्थ्यास धार्मिक शिक्षणास वा उपासनेस पालकांच्या संमतीवांचून बसवितां येत नाहीं. कित्येक पालक प्रवेशाच्या वेळीं मिळेल त्या कागदावर सही करितात. सकाळच्या प्रार्थनेविषयींचा मजकूर वाचून, पाल्यास विचारून, मगच सही करावी. आणि सही न करणाऱ्या पालकानें संकोच मानूं नये.