सार्वजनिक आरोग्य : एका शाखेत न मावणारा विषय

आरोग्यक्षेत्र म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहतात ते डॉक्टर आणि रुग्णालय. मात्र, आजारी माणसाला बरे करणे हे वैद्यकाचे काम, तर अख्खी वस्ती आजारीच पडू नये यासाठी झटणे हे सार्वजनिक आरोग्याचे.

अमेरिकेत हा विषय दीर्घकाळ मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवला जाई. पदवीच्या सर्वच विद्यार्थ्यांना हे शिक्षण उपलब्ध असावे, अशी शिफारस तेथील 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने २००३ मध्ये केली. त्यानंतर अनेक महाविद्यालयांत तो पदवीचा प्रमुख विषय झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तर तो कला व विज्ञान विभागात शिकवला जातो. जीवसंख्याशास्त्र, साथरोगशास्त्र, पर्यावरण आणि आरोग्य धोरण यांच्या जोडीला समाजशास्त्रेही अभ्यासावी लागतात.

आंतरविद्याशाखीय म्हणजे 'सगळ्यातले थोडे थोडे' असा समज होतो, तो चुकीचा आहे. मुलींमधील रक्तक्षयाचेच उदाहरण घ्या. शरीरात लोह का कमी पडते, हे जीवशास्त्र सांगते. गोळ्यांनी खरोखर फरक पडला का, हे संख्याशास्त्र तपासते. घरी पोहोचलेली गोळी पोटात का जात नाही, याचा उलगडा मानववंशशास्त्राविना होत नाही आणि पुरवठा कोठे अडतो, हे अर्थशास्त्र व प्रशासन जाणल्याशिवाय कळत नाही. यातील एक दुवा निखळला, तरी योजना कागदावरच राहते.

महाराष्ट्रात याची साक्ष गडचिरोलीत मिळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी वैद्यकीय पदव्या असतानाही जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि 'सर्च' ही संस्था स्थापन केली. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण त्यांनी दिले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने येथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या यशात औषधाइतकाच वाटा मोजणीचा आणि गावाच्या विश्वासाचा होता.

या पदवीने रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही, हे प्रवेशापूर्वीच ध्यानी घ्यावे. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून शोधलेली ही पळवाट नव्हे. आकडेमोडीचा कंटाळा नसलेल्या आणि वस्तीत जाऊन माणसांचे ऐकून घेण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्यांनीच हा मार्ग निवडावा.