कॉम्प्लेक्सिटी मोजली, पण टेस्टचा दर्जा कसा मोजणार?

अंबरनाथ ते बदलापूर लोकलचं भाडं काढणारं छोटंसं फंक्शन घ्या. वय 5 पेक्षा कमी असेल तर मोफत, 12 पेक्षा कमी असेल तर अर्धं, नाहीतर पूर्ण. दोन अटी, अधिक एक, म्हणजे सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी 3. थॉमस मॅकेब यांनी हे माप 1976 मध्ये मांडलं.

आता वय 3, 8 आणि 30 अशा तीन टेस्ट लिहा. ब्रँच कव्हरेज 100 टक्के! पण कोणी '12 पेक्षा कमी'चं '12 किंवा कमी' करून ठेवलं तर? तिन्ही टेस्ट पास होतात आणि बारा वर्षांचं पोर अर्ध्या तिकिटात बदलापूरला पोचतं. वय 12 ची टेस्ट असती तर चूक तिथेच सापडली असती. अशा चुका मुद्दाम पेरायच्या आणि टेस्ट किती पकडतात ते बघायचं, हे म्युटेशन टेस्टिंग.

संशोधनात खरी गोची पुढेच आहे. मोठ्या क्लासमध्ये अटी जास्त, टेस्टही जास्त. सरळ कोरिलेशन काढलंत तर कदाचित तुम्ही फक्त कोडचा आकारच मोजत असता. कव्हरेजचंही तसंच. 2014 मध्ये इनोझेम्त्सेव्हा आणि होम्स यांनी मोठे जावा प्रोजेक्ट तपासले. टेस्टची संख्या स्थिर धरल्यावर कव्हरेज आणि टेस्टची परिणामकारकता यांतला संबंध कमी ते मध्यमच उरला.

म्हणून सिनॉप्सिस लिहितानाच कोडच्या ओळी आणि टेस्टची संख्या कंट्रोल व्हेरिएबल म्हणून घाला. डेटा गोळा झाल्यावर हे आठवलं तर फार उशीर होतो.