लग्न एकाशी, पाठवलं दुसऱ्याला! ‘फ्रान्चेस्का दा रिमिनी’ची गोष्ट नेमकी काय?

मुलगी खिडकीतून अंगणात आलेल्या देखण्या तरुणाला पाहते. हाच आपला नवरा, असं तिला वाटतं. प्रत्यक्षात तो होणाऱ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा दीर असतो. इटालियन नाटककार गाब्रिएले दान्नुन्झिओ यांच्या ‘फ्रान्चेस्का दा रिमिनी’ या पाच अंकी शोकांतिकेची सुरुवात या फसवणुकीतून होते. पहिला अंक संपताना ती त्याला लाल गुलाब देते, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

नाटकाचा पहिला प्रयोग ९ डिसेंबर १९०१ रोजी रोमच्या कोस्तांझी थिएटरमध्ये झाला. फ्रान्चेस्काच्या भूमिकेत होती त्या काळची मोठी अभिनेत्री एलिओनोरा दूझे. नाटक तिलाच अर्पण केलेलं आहे. दुसऱ्या अंकात किल्ल्याच्या बुरुजावरची लढाई आहे. ती खरी वाटावी म्हणून इतका धूर केला गेला की प्रेक्षक खोकू लागले. (सेट डिझाइन करताना व्हेंटिलेशनचा विचार बहुधा कुणी केला नसावा.)

ही माणसं खरी होती का?

हो. फ्रान्चेस्का रावेन्नाच्या पोलेंता घराण्यातली. साधारण १२७५ मध्ये तिचं लग्न रिमिनीच्या जोव्हान्नी मालातेस्ताशी झालं. दोन सत्ताधारी घराण्यांमधला हा राजकीय सोयरिकीचा व्यवहार होता. जोव्हान्नी पायाने अधू होता. त्याचा भाऊ पाओलो आधीच विवाहित होता, हे नाटक-सिनेमाच्या चर्चेत सहसा कुणी सांगत नाही. फ्रान्चेस्कालाही मुलगी होती. दोघांची हत्या १२८३ ते १२८५ च्या दरम्यान झाली असं मानतात. म्हणजे लग्नाला आठ-दहा वर्षं झालेली. कोवळ्या वयातलं पहिलं प्रेम हे नव्हतं.

गंमत म्हणजे, या हत्येची त्या वेळची नोंद सापडत नाही. सगळ्यात जुना आधार आहे दांतेचं ‘इन्फर्नो’. त्यात दोघं नरकातल्या वादळात एकत्र भिरभिरत असतात आणि फ्रान्चेस्का स्वतःच सांगते की, लान्सेलॉटच्या प्रेमाची कथा वाचता वाचता आमचा तोल गेला. पण दांतेने तिच्या नवऱ्यालाही सोडलेलं नाही. त्याच्यासाठी नरकाच्या आणखी तळाशी, नातलगांच्या खुन्यांमध्ये जागा राखून ठेवली आहे.

मग नवरदेव बदलल्याचं कुठून आलं?

दांतेच्या काव्यात ते नाही. पुढे बोकाच्चोने १३७३-७४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये दांतेवर व्याख्यानं दिली, त्यात त्याने हा तपशील सांगितला. यामुळे कथेचा तोलच बदलतो. आधी दिसते ती नवऱ्याला फसवणारी बायको. बोकाच्चोनंतर दिसते ती वडिलांच्या घरीच फसवली गेलेली मुलगी. दान्नुन्झिओने हीच बाजू उचलली, आणि माझ्या मते नाटकाची खरी ताकद इथेच आहे.

चुगली करतो तो तिसरा भाऊ, मालातेस्तिनो. त्याचा एक डोळा लढाईत गेलेला, आणि वहिनीवर त्याचीही नजर. त्याच्या सांगण्यावरून जोव्हान्नी बाहेरगावी निघाल्याचं नाटक करतो आणि परततो. पाओलो जमिनीतल्या चोरदारातून निसटू पाहतो, पण अंगरखा अडकतो. फ्रान्चेस्का मध्ये येते, पहिला वार तिच्यावर होतो. पाओलोलाही मारल्यावर जोव्हान्नी गुडघ्यावर तलवार मोडतो.

नाटक वाचायला जड वाटलं तर रिकार्दो झान्दोनायचा याच नावाचा १९१४ चा ऑपेरा ऐका; तो याच नाटकावर बेतलेला आहे. आणि रोदँचं ‘द किस’ हे शिल्प फोटोत पाहिलं असेल, तर ते जोडपंही हेच. नीट पाहा, पाओलोच्या हातात ते पुस्तक अजून आहे.