विसर्गाचं गणित : जायकवाडी ते लेंडी

1976 साली जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं, तेव्हा मराठवाड्याला ओढ होती ती पाणी अडवण्याची. अडवलेलं पाणी कधी आणि किती सोडायचं, हा प्रश्न नांदेडला पुरता भिडला 2006च्या ऑगस्टमध्ये. जायकवाडीच्या नाथसागर जलाशयातून अडीच लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि गोदावरी शहरात शिरली.

नांदेडच्या उशाशी विष्णुपुरी धरण आहे. साठा जेमतेम 80 दलघमी (दशलक्ष घनमीटर). एक लाख क्युसेक आवक धरली, तर अगदी रिकामा जलाशयही आठ तासांत भरतो. मोठा पूर पोटात घेणं या धरणाला शक्यच नाही. त्याच्या हाती आहेत ते थोडे तास. हिशेबाचं सूत्र साधं आहे : आवकेतून विसर्ग वजा केला की साठ्यातली वाढ मिळते. अवघड आहे ते विसर्ग काढणं. सांडव्यावरून मोकळं वाहणारं पाणी माथ्यावरच्या उंचीच्या दीड घाताने वाढतं. उंची दुप्पट झाली की विसर्ग जवळपास तिप्पट. खाली नदीच फुगलेली असली, तर मात्र तो घटतो. गोदावरीवरचा बाभळी बंधारा तर तेलंगणातल्या पोचमपाड धरणाच्या फुगवट्यातच उभा आहे. त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर वर उचललेले ठेवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ठरवून दिलं. आणि गोदावरी चढली की नांदेडच्या नाल्यांनाही वाट उरत नाही, पावसाचं पाणी वस्तीतच तुंबतं.

लातूरचा पेच वेगळा. 2016च्या एप्रिलमध्ये शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं होतं, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच धरणाचे सगळे 18 दरवाजे 2021च्या सप्टेंबरअखेरीस, गुलाब चक्रीवादळाच्या पावसात उघडावे लागले. नदीकाठचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. ज्याने पाण्याची रेल्वे पाहिली, तो अधिकारी ऑगस्टमध्ये धरण थोडं रिकामं ठेवायला कसा धजावेल? ही भीती मला रास्त वाटते. कोणत्या तारखेला किती पातळी राखायची हे जलाशय परिचालन सूची सांगते. पण उद्या किती पाणी येणार, हे वरच्या पाणलोटातला पाऊस मोजल्याशिवाय कळत नाही.

शिवाय एकेका धरणाचा सुटा हिशेब पुरत नाही. विष्णुपुरीत गोदावरीबरोबर पूर्णेचंही पाणी येतं. पैठणच्या जायकवाडीतून आणि पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणातून एकाच वेळी पाणी सुटलं, की बेरीज नांदेडच्या वाट्याला. 17-18 ऑगस्ट 2025च्या रात्री मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, वरच्या भागातूनही लोंढे आले, लेंडी प्रकल्पाच्या क्षेत्रातलं हसनाळ बुडालं. माणसं गेली. अशा गावांसाठी हिशेब वरच्या पावसाच्या पहिल्या तासापासून मांडायला हवा, आणि त्याचा आकडा सरपंचाच्या फोनवर त्याच रात्री पोचायला हवा.